बुधवारचा उपवास

देवाच्या नावावर मी जितकं खोटं बोलले तितकं पिंपरीत दुसरं कुणी बोललं नसेल. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शिवाय दोन एकादश्या आणि एक चतुर्थी. कंपनीतल्या बायका मला संतीण म्हणायच्या. खरं सांगायचं तर माझी कुठल्याच देवावर एवढी श्रद्धा नव्हती. मला गव्हाची भीती वाटायची, आणि उपवासाच्या ताटात गहू नसतो, एवढंच.

गव्हाची भीती ऐकून लोक हसतात. वाघाला भ्यावं, सापाला भ्यावं, फार तर सासूला भ्यावं. पोळीला कसलं भ्यायचं? पण मला भीती वाटायची आणि अजून वाटते. ताट समोर आलं की माझी नजर आधी त्यातली पोळी कशाला कशाला शिवलीय ते शोधते. मग भूक लागते, लागली तर.

आम्ही मूळचे माण तालुक्यातले. माझे वडील अर्जुनराव १९६२ साली पिंपरीत एका कंपनीत लागले आणि आईला नि चार वर्षांच्या मला घेऊन आले. गावाकडं गव्हाची पोळी सणावाराला. इथं रेशनवर आठवड्याच्या आठवड्याला गहू मिळायचा, लालसर, अमेरिकेहून आलेला. माझ्या आईला, रुक्मिणीबाईला, त्याचं कोण कौतुक! "भाकरीच खायची होती तर गाव काय वाईट होतं?" असं म्हणत ती रोज सकाळ-संध्याकाळ पोळ्या लाटायची. शेजारणीला दिसावं म्हणून दार उघडं ठेवून लाटायची.

सहा महिन्यांत माझ्या हातापायांच्या काड्या झाल्या आणि पोटाचा नगारा. जुलाब थांबेनात. कुणी म्हणालं मुडदूस आहे, कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं पिंपरीचं पाणी मानवत नाही. आईनं सगळं केलं. दृष्ट काढली, पाणी उकळलं, आणि शेजारणीनं सांगितलं म्हणून पोरीला ताकद यावी यासाठी गव्हाचं सत्त्व केलं. तीन दिवस गहू भिजवायचा, वाटायचा, गाळायचा, निवळलेलं उन्हात वाळवायचं. त्याची दुधात शिजवलेली वाटी ती मला मांडीवर घेऊन भरवायची. मी तोंड फिरवलं की रडायची, पण वाटी संपवल्याशिवाय सोडायची नाही.

फारच झालं की मला चाकणला मावशीकडे सोडायचे. मावशीच्या घरी बाजरीची भाकरी, कांदा आणि बटाट्याचं कालवण. महिन्याभरात माझे गाल वर यायचे. सगळे म्हणायचे, चाकणची हवा चांगली. मग मला परत आणायचे, आणि पुन्हा वाटी. अशा माझ्या तीन वर्षं फेऱ्या झाल्या. हवा नाही, ताट बदलतंय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

१९६५ साली पुण्याला एका डॉक्टरांना दाखवलं. ते विलायतेत शिकून आलेले होते. त्यांनी पोट दाबून पाहिलं, बऱ्याच तपासण्या केल्या, पण मला आठवतो तो त्यांचा एकच प्रश्न. "चाकणला ही काय खाते?" आईनं सांगितलं. "आणि पिंपरीत?" आईनं तेही सांगितलं, जरा अभिमानानंच. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "हिच्या आतड्याला गहू सोसत नाही. गहू, रवा, मैदा, शेवया, बिस्किट, सातू, सगळं बंद. जन्मभर."

"आणि सत्त्व?" आईनं विचारलं.

"ते तर आधी बंद."

घरी आल्यावर आईनं सत्त्वाची बरणी गटारात उपडी केली आणि ती बरणी घासत बसली. बरणी केव्हाच स्वच्छ झाली होती. मी सात वर्षांची होते. मला वाटलं ती माझ्यावर रागावलीय.

त्या दिवसापासून आई माझी आई कमी आणि पोलीस जास्त झाली. माझा तवा वेगळा, परात वेगळी. गिरणीत ज्वारी न्यायची ती दोन जणींची ज्वारी दळून झाल्यावर तिसरी टाकायची, म्हणजे जात्यातला गहू आधीच्यांच्या पिठात जावा. गिरणीवाला चिमाजी तिला पाहिलं की कपाळाला हात लावायचा. हिंगात मैदा मिसळतात हे कुठूनसं कळलं आणि आमच्या आमटीतून हिंग गेला तो गेलाच. अकरा वर्षांची असताना मी शाळेत एकीनं दिलेलं बिस्किट खाल्लं. तीन आठवडे अंथरुणाला खिळले. आई म्हणाली, "एवढ्यानंच मेली असतीस." ते खरं नव्हतं, पण मी ते खरं धरून चालले.

आणि दुसरा नियम त्याहून कडक होता. सांगायचं नाही. "रोगी पोरगी म्हणून एकदा शिक्का बसला की लग्नही नाही नि नोकरीही नाही." डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी आईनं ट्रंकेत तळाशी ठेवली, कुणी चोरून नेईल अशी. मग बाहेर जेवायची वेळ आली की सांगायचं काय? त्याची युक्तीही आईचीच. "उपवास म्हण. उपवासाला कुणी आग्रह करत नाही."

मी तेवीस वर्षांची असताना औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला लागले. इंजेक्शनच्या बाटल्या उजेडासमोर धरून आत कण दिसतोय का ते पाहायचं, मग लेबल, मग खोका. आम्ही सात जणी तात्पुरत्या होतो. सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा बोलावणं. कायम होणं म्हणजे काय ते ब्रेक भोगलेल्यालाच कळतं. वडिलांना तेव्हा दम्यानं घरी बसवलं होतं. घर माझ्यावर होतं.

कंपनीच्या फॉर्मवर एक रकाना होता: पूर्वीचा दीर्घ आजार. मी तिथं 'नाही' लिहिलं. अक्षर छान आलं.

नीला माझ्यासमोर बसायची. बौद्ध घरातली, माझ्याच वयाची, मॅट्रिक झालेली. तिची नजर अशी की बाटलीतला केस दुसऱ्या टोकाहून दिसावा. मला कधी चक्कर आली तर माझे दोन ट्रे ती निमूट आपल्याकडे ओढायची आणि वर मलाच टोमणे मारायची. "येशे, तुझे देव लई कडक गं. एक दिवस सुट्टी देत नाहीत." मी हसायचे. आम्ही बसस्टॉपपर्यंत बरोबर जायचो. तिच्या घरी मी चहाही प्यायचे, आणि खरं सांगते, तो चहा पिताना मनातल्या मनात मला माझं कौतुक वाटायचं. ते कौतुक वाटणंही काही चांगलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

दुपारी आम्ही सातही जणी कागद पसरून डबे मधे ठेवायचो. कुणीही कुणाचं काहीही घ्यायचं. हीच आमची जेवायची रीत, आणि माझ्या जीवाला हाच घोर. उपवास नसला की मी माझी भाकरी घेऊन कडेला बसायचे, माझी भाजी आधी सगळ्यांना वाढून टाकायचे म्हणजे माझ्या डब्यात कुणाचा पोळीचा हात जायला नको. दुसऱ्याचं घ्यायचं ते फक्त कांदा, पेरू, उकडलेल्या शेंगा. नीलाच्या ते ध्यानात आलं होतं. कारण माहीत नव्हतं, पण ती माझ्यासाठी शेंगा आणायची.

गोजाबाई आमच्यात सगळ्यात मोठी. सुपरवायझर बबनराव तिचे दीर, त्यामुळे जेवताना जे बोललं जाई ते चहाच्या वेळेपर्यंत बबनरावांच्या टेबलावर पोचायचं. ती बसली की आपला डबा नीलाच्या डब्यापासून चार बोटं बाजूला सरकवायची. "माझ्या कालवणात तिखट जास्त असतंय गं," असं वर म्हणायची. त्याचा अर्थ सगळ्यांना कळायचा. नीलाला कळायचा. मलाही कळायचा, आणि मी गप्प बसायचे.

१९८२ च्या एप्रिलात बातमी आली की सातांतल्या चौघींना कायम करणार. एकोणीस तारखेला, सोमवारी, मेडिकल. वजन, रक्त आणि कंपनीच्या डॉक्टरांचे प्रश्न. मी आठवडाभर आधीपासून रोज दोन केळी जास्त खात होते आणि पोटात गुरगुरलं तरी दचकत होते.

चौदा एप्रिलला बुधवार होता. नीला म्हणाली, "आज जयंती. पाळी सुटली की तू थेट घरी यायचं. आईनं खास सांगितलंय. बुधवार आहे, तुझा कुठलाच देव आडवा येत नाही. मी बघून ठेवलंय."

मी गेले. मनाशी ठरवलं होतं, भात घेईन, पोळी हळूच बाजूला ठेवीन. वस्तीत निळ्या पताका, दारात रांगोळी, पोरं नव्या कपड्यात. नीलाची आई भिमाबाई मला पाहून इतकी हसली की मला लाज वाटली. तिनं पाट मांडला. ताट आणलं. ताटात भात होता, पण भातावरच पुरणपोळी आडवी घातलेली, शेजारी तळलेली गव्हाची कुरडई, आणि त्या सगळ्यावरून वितळलेल्या तुपाची धार. कडेला हात घालायला जागा नव्हती. पाच दिवसांनी मेडिकल. माझ्या कानात आईच बोलली, आणि तोंडातून निघून गेलं, "आज माझा उपवास आहे."

नीला म्हणाली, "बुधवारी?"

"विठ्ठलाचा धरलाय. नवीन."

"कधीपासून?"

"आजपासून."

नीलानं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. भिमाबाईच्या हातात तुपाची वाटी तशीच होती. ती म्हणाली, "आसू दे. देवाचं हाय. केळं खा." तिनं ताट उचललं. मी केळं खाल्लं. शेजारच्या खोलीत कुणीतरी हसत होतं. मी निघाले तेव्हा भिमाबाई दारापर्यंत आली, पण हसली नाही.

दुसऱ्या दिवशी नीलानं मला पुडकं दिलं. केळीच्या पानात बांधलेली पुरणपोळी. म्हणाली, "गुरुवार तुझा दत्ताचा, माहीत आहे मला. संध्याकाळी सोडतेस ना? तेव्हा खा. आईनं दिलीय. दोन दिवस खपत होती ती पुरणासाठी." आवाजात राग नव्हता. तिनं माझ्यासाठी स्वतःची समजूत घातली होती. त्या क्षणी मी तिचा हात धरून सांगायला हवं होतं. गोजाबाई दोन हात अंतरावर बसून लेबलं चिकटवत होती. मी पुडकं घेतलं.

घरी गहू आणायचा नाही, हा आईचा नियम. कचऱ्यात अन्न टाकायचं नाही, हा आमच्या सगळ्यांचाच नियम. गेटच्या बाहेर भिंतीपाशी एक गाय उभी असायची. मी इकडंतिकडं पाहिलं आणि पोळी तिच्यापुढं धरली. माझ्या मनात काही वाईट नव्हतं. आमच्याकडे गाईला घालणं पुण्याचंच. गाईनं दोन घासांत संपवली. मी मागं वळले तर नीला गेटात उभी होती. तिची छत्री राहिली होती म्हणून ती आत गेली होती, आणि ती घेऊन येत होती. ती माझ्या शेजारून गेली, बसस्टॉपवर न थांबता पुढं चालत गेली.

शुक्रवारी हात धुताना गोजाबाई माझ्याजवळ सरकली. हळू आवाजात म्हणाली, "शहाणी आहेस बाई. मला वाटलं होतं तू पार त्यांच्यातलीच झालीस. उपवास म्हणून बरं टाळलंस. पोळी पण गाईला घातलीस म्हणे? गेटवरच्यानं पाहिलं, त्याच्याकडूनच ऐकलं. बरोबर केलंस."

एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. बबनरावांनाही मी दोनदा सुनावलं होतं. त्या दिवशी दातखीळ बसली. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य गोजाबाईला सांगणं म्हणजे बबनरावांना सांगणं. मी नळ सोडून हात धूतच राहिले. तिनं माझ्या पाठीवर थोपटलं. ते थोपटणं मला अजून पाठीवर जाणवतं.

सोमवारी वजन बेचाळीस किलो भरलं. डॉक्टरांनी वर न बघता विचारलं, "काही जुना आजार?"

"नाही."

पुढच्या आठवड्यात यादी लागली. गोजाबाई, नीला, आणखी एक जण आणि मी. सहा महिने परीक्षेचे, मग कायम. आईनं देवापुढं साखर ठेवली. मला आनंद झाला का? झाला. पण तो घेऊन नीलाकडे जाता येत नव्हतं, म्हणून तो तसाच पडून राहिला.

नीला भांडली असती तर बरं झालं असतं. पोळीची गोष्ट सगळ्या जणींच्या तोंडी झाली होती, तिच्याही कानावर गेली होती, तरी ती भांडली नाही. मला 'येशे' म्हणायची ती "यशोदाबाई, ट्रे सरकवता का?" म्हणू लागली. अहो-जाहो करू लागली. शेंगा बंद झाल्या. मला चक्कर आली तेव्हा तिनं मान वर केली नाही. आणि एक दिवस जेवायला बसलो तेव्हा, मी बसायच्या आधीच, तिनं स्वतःचा डबा माझ्यापासून चार बोटं बाजूला सरकवला. गोजाबाई सरकवायची तसाच. म्हणाली, "तुम्हाला अडचण नको."

त्या दिवशी भाकरी घशाखाली उतरली नाही. मला पहिल्यांदा असं झालं की ताटात गहू नव्हता आणि तरी मला जेवता येत नव्हतं.

मी घरी आईला म्हणाले, "मी नीलाला सांगणार आहे."

आई उसळली. "डोकं फिरलं का? सहा महिने तरी काढ. तिच्या तोंडातून गेलं तर? रागात आहे ती. आणि तिच्या घरी काय काय कशाला लागलेलं असतं, तुला माहीत आहे?"

"कशाला म्हणजे? गव्हाला, का आणखी कशाला?"

आईपाशी कारणं दोन होती आणि इतकी वर्षं एकाच्या पदराखाली दुसरंही खपून गेलं होतं. मलाही ते माहीत होतं. मी कधी विचारलं नव्हतं, कारण मला ते सोयीचं होतं. मी ट्रंक उघडली आणि तळाची चिठ्ठी काढली. आईनं अडवलं नाही.

रविवारी सकाळी मी काही न खाता गेले. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं. नीला दारात कपडे वाळत घालत होती. मला पाहून म्हणाली, "या, यशोदाबाई. आज रविवार. आज सूर्याचा उपवास का?"

"मला बोलायचंय."

"बोला."

मी उभ्या उभ्याच बोलले. सगळं, सत्त्वाच्या वाटीपासून गाईपर्यंत. इतक्या वर्षांत घराबाहेर पहिल्यांदा. आणि बोलता बोलता मलाच कळलं की हे किती खोटं वाटतंय. नीला ऐकून घेऊन म्हणाली, "गव्हानं? गव्हानं माणूस आजारी पडतं? निदान निमित्त तरी धड शोधायचं."

मी चिठ्ठी पुढं केली. तिनं ओले हात पदराला पुसले, चिठ्ठी उजेडाकडे धरली आणि बाटली तपासावी तशी तपासली. कागद पिवळा पडला होता, घडीवर फाटला होता. वर तारीख होती, १९६५. ती अडखळत इंग्रजी वाचत गेली आणि 'व्हीट' शब्दापाशी थांबली.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" ती 'तुम्ही' विसरली होती.

"मेडिकल होतं."

"म्हणजे नोकरीसाठी तू गोजाबाईच्या पंगतीला जाऊन बसलीस."

"हो."

"माझ्या आईच्या पोळीचं त्या बायका काय काय बोलल्या, ऐकलंस ना? आणि बोलू दिलंस."

"हो. दिलं."

"आता मी बबनरावांना जाऊन सांगितलं तर?"

"तर माझी नोकरी जाईल."

"आणि तरी आलीस?"

"मला तुझ्याशिवाय जेवण जात नाही," मी म्हणाले, आणि मग मला रडूच आलं. मी रडणारी बाई नाही. पण आलं.

भिमाबाई आत चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. तिथूनच तिनं विचारलं, "मंग तू खातीस तरी काय गं?"

"भाकरी, मावशी. ज्वारीची, बाजरीची."

"भाकरी?" ती उठून दारात आली. "अगं, भाकरी खातीस? आन् आमी तुला पाव्हणी म्हणून पुरान वाटत बसलो दोन दीस! भाकरी तर आमची रोजचीच हाय." ती हसली की चिडली ते मला कळलं नाही. "जेवलीस का?"

"नाही."

"मंग बस. नीले, पाट मांड."

मी बसले. भिमाबाईनं पिठाचा डबा ओढला, परात घेतली, चुलीवर तवा ठेवला. आणि माझी नजर तव्यावर गेली. त्याच्या कडेला पांढरं काहीतरी चिकटलेलं दिसत होतं. परातीच्या काठावर सुकलेली कणीक होती का? पीठ कुठल्या गिरणीतलं? नीला समोर माझ्याकडे पाहत बसली होती. काही न विचारता खावं आणि पुढचे तीन आठवडे भोगावेत, असं मी एक क्षण ठरवलंही. कामावर खाडे पडले असते, परीक्षेच्या महिन्यांत. पण नुसता तो हिशेब नव्हता. विचारलं नाही तर हा उपवासच झाला असता, वेगळ्या नावाचा.

"मावशी," मी म्हणाले, "हा तवा... ह्यावर आधी काय भाजलं होतं? परातीला कुणाचा हात लागलाय? पीठ कुणी दळून आणलं? आणि पाणी, पाण्यात कुणी हात घातला होता का?"

बोलले आणि मला माझाच आवाज ऐकू आला. कुठला तवा, कुणाचा हात, कुणाचं पाणी. ह्या घरात बसून, ह्या बाईला, मी हे विचारत होते. गोजाबाईनं विचारले असते तेच प्रश्न, शब्दाला शब्द. नीला ताडकन उभी राहिली. भिमाबाईचा हात पिठात होता तो तसाच राहिला. मला वाटलं, संपलं. आता ही मला हाताला धरून बाहेर काढेल, आणि काढावंच तिनं.

भिमाबाईनं हात झटकला, तवा चिमट्यानं उचलून खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ह्ये समदं मला आजपातूर लई जणींनी इचारलंय, पोरी," ती म्हणाली. "तवा कुठला, हात कुनाचा, पानी कुनाचं. समद्यांनी न जेवायसाठी इचारलं. जेवायला बसून इचारणारी तूच पयली."

मग तिनं राखेचा डबा नीलाकडे सरकवला. "नीले, तवा नि परात चांगली घास. काठ बी घास." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आता नीट इचार. काय बी ठिवू नगंस पोटात."

नीला नळापाशी तवा घासत होती, रागारागानं, जोर लावून. मी विचारत गेले, भिमाबाई एकेकाचं उत्तर देत गेली.